साहित्यासाठी मृत्युपत्रातून देणगी (नागपूर)

आपल्या पश्चात मालमत्तेतला काही भाग साहित्याच्या कामी लागावा, अशी तरतूद मृत्युपत्रात करून ठेवण्याची प्रथा. देणगी रोख रकमेची, मुदत ठेवीची, घराची किंवा ग्रंथसंग्रहाची असू शकते. लेखकाच्या बाबतीत ती हस्तलिखितांची आणि स्वामित्वहक्काचीही असते. घेणारी बहुधा साहित्य संस्था, सार्वजनिक वाचनालय, विद्यापीठाचा भाषाविभाग किंवा त्याच कामासाठी स्थापन केलेला न्यास असतो. नागपुरात साहित्यासाठीच्या देणगीचे ओळखीचे रूप म्हणजे स्मृतिपुरस्कार. तो साधारणपणे घरची माणसे संस्थेकडे ठेव ठेवतात त्यातून सुरू होतो. माणसाने हयातीत स्वतः विचार करून लिहून ठेवलेली तरतूद त्यामानाने कमी दिसते. साहित्याला उपयोग मात्र तिचाच अधिक होतो, कारण पैसा नेमका कशासाठी हे तिच्यात देणाऱ्याच्याच शब्दांत ठरलेले असते.

मृत्युपत्रातून संस्था उभी राहते हे नागपूरला नवे नाही. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० साली मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला सुमारे ३५ लाख रुपयांची संपत्ती दिली. उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राचे शिक्षण असा विषय त्यांनी नेमून दिला होता. त्या दानातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था सुरू झाली. साहित्याच्या बाजूने पाहिले तर देणगी स्वीकारून ती चालवू शकेल अशी सर्वांत जुनी यंत्रणा विदर्भ साहित्य संघाची आहे. संघाची स्थापना १४ जानेवारी १९२३ रोजी, संक्रांतीला, अमरावतीत झाली. पुढे मुख्यालय नागपुरात सीताबर्डीवर आले. ‘युगवाणी’ हे त्याचे नियतकालिक. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाच्या घटक संस्थांपैकी तो एक आहे. याशिवाय महाल, सीताबर्डी, धंतोली या जुन्या वस्त्यांत वाचनाचा जुना संस्कार आहे, आणि १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली वाचनालये शहरभर आहेत. शासन त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार अनुदान देते, पण ग्रंथपालाचा पगार, वीजबिल आणि नवी पुस्तके हे सगळे त्यात भागवताना संस्थाचालकांची ओढाताण होते.

इथेच पुरस्काराच्या ठेवीचे गणित पाहायला हवे. एक लाख रुपयांची कायम ठेव सात टक्क्यांनी वर्षाला सात हजार रुपये देते. त्यात पुरस्काराची रक्कम, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्ह, सभागृहाचे भाडे आणि परीक्षकांचा प्रवासखर्च बसवायचा असतो. पहिल्या वर्षी ते कसेबसे जमते. महागाई वाढते, व्याजदर उतरतो, आणि वीस वर्षांनी संस्था पदरचे पैसे घालून कुणाच्या तरी नावाचा कार्यक्रम करत बसते. तेवढ्याच व्याजातून वाचनालयात जुन्या नियतकालिकांच्या फायलींची बांधणी दरवर्षी होऊ शकते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या शहरात जुना कागद हाताळताच तुटतो, आणि पावसाळ्यात वाळवी लागते. बांधणी, स्कॅनिंग, सूचिकार्य, ग्रंथपालाचे मानधन या कामांना कुणी आपले नाव देत नाही. मृत्युपत्र लिहिणाऱ्याने यांतले एक जरी उचलले तरी ते दुसऱ्या पुरस्कारापेक्षा मोलाचे ठरेल.

मजकूर कसा असावा, याचा एक नमुना :

“माझी देणी व अंत्यविधीचा खर्च भागल्यावर उरणाऱ्या मालमत्तेचा दहावा हिस्सा मी अमुक संस्थेस (नोंदणी क्रमांक अमुक) कायम निधी म्हणून देत आहे. त्याच्या व्याजातून वऱ्हाडी व झाडी बोलींतील आणि गोंडी भाषेतील लेखन प्रसिद्ध करावे. ते काम करणे संस्थेला शक्य न राहिल्यास विदर्भातील भाषा-साहित्याच्या मिळत्याजुळत्या कामासाठी हा निधी वापरावा. संस्था अस्तित्वात नसल्यास माझ्या व्यवस्थापकाने तसेच काम करणारी दुसरी नोंदणीकृत संस्था निवडावी.”

यातला प्रत्येक तुकडा कारणाने आला आहे. व्यवस्थापक म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी त्यात नेमलेला माणूस. ठरावीक रकमेऐवजी हिस्सा लिहिला की मधल्या काळात रुपयाची किंमत घसरली तरी देणगीचे वजन टिकते, आणि आजारपणात पैसा खर्च झाला तर वारसांवर अन्यायही होत नाही. नोंदणी क्रमांक लागतो, कारण सारख्या नावाच्या दोन संस्था एकाच शहरात असतात. ‘कायम निधी’ हे शब्द नसतील तर मुद्दल चालू खर्चात जाऊ शकते. शेवटची दोन वाक्ये नसली आणि नेमून दिलेले काम बंद पडले, तर धर्मादाय आयुक्त आणि न्यायालयाच्या वाटेने मूळ हेतूच्या जवळचा दुसरा हेतू ठरवून घ्यावा लागतो. कायद्यात ती सोय आहे, पण त्यात वर्षे जातात.

कायद्याची बाजू फारशी अवघड नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या कुणालाही मृत्युपत्र करता येते. ते साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही. सहीला किमान दोन साक्षीदार हवेत. नोंदणी ऐच्छिक आहे, तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घेणे शहाणपणाचे. मोहोरबंद पाकिटात ते निबंधकाकडे जमा करून ठेवण्याचीही सोय १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला) घेण्याची जी सक्ती मुंबईत वर्षानुवर्षे होती, ती नागपूरला लागू नव्हती. वाद होण्याची शक्यता असेल तेव्हा मात्र इथलेही वकील प्रोबेट घ्यायला सांगतात. स्वकष्टार्जित मालमत्ता हवी त्याला देता येते, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतला फक्त आपला हिस्सा. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही. बँकेत किंवा डीमॅट खात्यावर संस्थेचे नाव नॉमिनी म्हणून घातले की काम झाले, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे : नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या संदर्भात डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना साक्षीदार करू नये. ज्याला लाभ मिळणार तोच मृत्युपत्र करण्यात पुढे दिसला की न्यायालय संशयाने पाहते आणि देणगी वर्षानुवर्षे अडकते.

इंग्लंडमध्ये अशा देणग्यांची चाल मोठी आहे, त्याचे एक कारण कर हे आहे. तिथे ठरावीक मर्यादेपुढच्या इस्टेटीवर ४० टक्के वारसाकर लागतो आणि धर्मादाय देणगी त्यातून वगळली जाते. भारतात इस्टेट ड्यूटी, म्हणजे मृताच्या मालमत्तेवरचा कर, १९८५ मध्येच रद्द झाली, त्यामुळे इथे देणाऱ्याला करसवलतीचे आमिष नाही. जो देतो तो निव्वळ साहित्याच्या ओढीने देतो.

लेखकाच्या मृत्युपत्राला वेगळे महत्त्व आहे, कारण त्याची खरी मालमत्ता पुष्कळदा कपाटातल्या कागदांत असते. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतो. नागपूरचे कविवर्य सुरेश भट २००३ मध्ये गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कवितेवरचा हक्क २०६३ अखेरपर्यंत चालेल. सामान्य लेखकाला हे ठाऊक नसते, आणि तो घराचे, दागिन्यांचे लिहितो पण पुस्तकांचे लिहीत नाही. मग दोन मुले, एक मुलगी आणि त्यांची परदेशातली मुले अशा सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत नवी आवृत्ती निघत नाही. अप्रकाशित हस्तलिखिताबाबत कायदा उदार आहे : लेखकाने ते मृत्युपत्राने कुणाला दिले आणि उलट काही लिहून ठेवले नाही, तर त्याबरोबर स्वामित्वहक्कही दिला असे धरले जाते. प्रकाशित पुस्तकांसाठी मात्र प्रकाशकाबरोबरचे करार काढून बघावे लागतात. हक्क किती मुदतीसाठी दिला हे करारात नसेल तर कायदा ती मुदत पाच वर्षे धरतो. म्हणजे आपण विकून टाकले असे लेखकाला वाटते ते प्रत्यक्षात त्याच्याकडे परत आलेले असू शकते.

मागे राहिलेल्या हस्तलिखितांची काय गत होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कागदपत्रांचे आहे, आणि त्याचा धागा नागपूरशी जुळतो. १९५६ मध्ये त्यांच्या निधनानंतर अप्रकाशित लेखन दिल्ली उच्च न्यायालयाच्या अभिरक्षकाकडे गेले, तिथून महाराष्ट्राच्या ॲडमिनिस्ट्रेटर जनरलकडे. पेट्या तशाच पडून राहिल्या. हे लेखन आपल्याला छापू द्यावे किंवा सरकारने छापावे, अशी मागणी नागपूरच्या एका वकिलाने नागपूर खंडपीठात दाखल केली. प्रकरण पुढे मुंबईला वर्ग झाले आणि बरीच वर्षे चालले. अखेर १९८१ मध्ये पाच लोखंडी पेट्या संपादकाच्या हाती आल्या. ते संपादक वसंत मून, नागपूरच्याच वस्तीत वाढलेले. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेल्या इंग्रजी ग्रंथमालेत पेट्यांतले लेखन पुढे खंडाखंडाने प्रसिद्ध झाले. पंचवीस वर्षे एवढे मोठे लेखन वाचकांपर्यंत पोचले नाही, ही हानी मोजता येण्यासारखी नाही. ज्या लेखकामागे अशी चळवळ आणि असा वकील उभा नसतो, त्याचे कागद रद्दीत जातात. म्हणून हस्तलिखिते कुणाच्या ताब्यात जातील, कोण संपादन करील, पत्रव्यवहार किती वर्षांनी खुला करावा आणि मानधन कुणाला, हे लेखकाने लिहून ठेवणे अत्यंत गरजेचे आहे.

जगातले सर्वांत प्रसिद्ध मृत्युपत्रदान आल्फ्रेड नोबेल यांचे. २७ नोव्हेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये त्यांनी ते सही केले, वकिलाच्या मदतीवाचून. निधी सांभाळायला कोणतीही संस्था नेमलेली नव्हती, आणि साहित्याचा पुरस्कार ज्या स्वीडिश अकादमीने द्यायचा तिला आधी विचारलेलेही नव्हते. नातेवाइकांनी हरकत घेतली. रॅग्नर सोलमन हा तरुण अभियंता व्यवस्थापक होता. त्याच्या चिकाटीमुळे १९०० मध्ये प्रतिष्ठानाचे नियम ठरले आणि १९०१ मध्ये पहिले पुरस्कार दिले गेले. व्यवस्थापक कोण नेमावा, या प्रश्नाला यापेक्षा चांगले उत्तर नाही : आपल्याहून बराच लहान, हिशेबाला चोख आणि कामाची आस्था असलेला. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचा अनुभव वेगळा. इंग्रजीसाठी नवी वर्णमाला व्हावी म्हणून त्यांनी पैसे ठेवले. १९५७ मध्ये न्यायालयाने ती तरतूद अवैध ठरवली आणि तडजोडीतून थोडीच रक्कम त्या कामाला मिळाली. ए. ए. मिल्न आणि सॉमरसेट मॉम यांनी आपल्या मानधनातला वाटा अडचणीतल्या लेखकांना मदत करणाऱ्या रॉयल लिटररी फंडाला दिला. मराठीत वृद्ध, आजारी लेखकांसाठी असा निधी विदर्भापुरता जरी उभा राहिला तरी त्याची फार गरज आहे.

ग्रंथसंग्रह देताना आधी वाचनालयाला यादी दाखवावी. पाच हजार पुस्तके एकदम आली तर ठेवायला जागा नसते, आणि निम्म्या प्रती तिथे आधीच असतात. दुर्मीळ अंक, स्थानिक मुद्रणालयांतून निघालेल्या पुस्तिका, लेखकाच्या टिपणांसह असलेल्या प्रती वेगळ्या काढून त्यांच्याबरोबर कपाटांचा आणि देखभालीचा खर्च द्यावा. घर देणे त्याहून जोखमीचे. नागपुरात पुष्कळ भूखंड नझूलचे (शहरातल्या सरकारी जमिनीचे) किंवा नागपूर सुधार प्रन्यासाच्या भाडेपट्ट्याचे आहेत, तेव्हा पट्ट्याच्या अटी आणि थकबाकी आधी पाहावी. सार्वजनिक न्यासाच्या नावे झालेली स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. घराचे स्मारकच व्हावे असा आग्रह नसेल, तर व्यवस्थापकाने ते विकून रक्कम संस्थेला द्यावी असे लिहिणे संस्थेच्या सोयीचे. मृत्युपत्रानेच नवा सार्वजनिक न्यास निर्माण करायचा असेल, तर त्याच्या नोंदणीचा अर्ज व्यवस्थापकाने मुदतीत करायचा असतो : प्रोबेट मिळाल्यापासून एक महिना किंवा मृत्यूपासून सहा महिने, यांतले जे आधी येईल ते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नागपूरकराची देणगी विदेशी अंशदान ठरते. ती घेण्यासाठी संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी अंशदानाच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा परवानगी लागते.

मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता वा रद्द करता येते, आणि शेवटचे तेवढेच चालते. म्हणून आधीच्या मृत्युपत्राची प्रत संस्थेच्या दप्तरी असली तरी तिच्या जोरावर संस्थेला हक्क सांगता येत नाही. मुलांना देणगीची कल्पना देऊन ठेवावी, आणि मूळ प्रत कुठे आहे हे व्यवस्थापक आणि संस्थेचा सचिव या दोघांनाही माहीत असावे.