मृत्यूच्या कारणाचा रकाना

अंगणवाडीताई मुलाचा डावा दंड उघडा करते, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध खूण करते आणि पट्टी गुंडाळते. पट्टीवर तीन रंग असतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला की लाल, साडेबारापर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. लाल म्हणजे ‘सॅम’, तीव्र कुपोषित; पिवळा म्हणजे ‘मॅम’, मध्यम कुपोषित. पट्टी जरा घट्ट ओढली तर पिवळ्याचा लाल होतो, सैल सोडली तर लालाचा पिवळा. दोन मिलिमीटरांचा हा खेळ पुढे तालुक्याच्या तक्त्यात, मग जिल्ह्याच्या आणि शेवटी विधानसभेतल्या उत्तरात जातो.

महाराष्ट्रातल्या संस्था-संघटना बालकुपोषणाच्या प्रश्नावर एकत्र कशा आल्या, हे सांगायला या पट्टीपासूनच सुरुवात केलेली बरी. मुलांना जेवू घालणाऱ्या संस्था पूर्वीही होत्या, पण त्या आपापल्या तालुक्यात काम करत. त्यांना एका टेबलाभोवती बसवले ते मोजणीच्या भांडणाने.

आधीचा काळ थोडक्यात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे काम केले. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या कामातून रुळला. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य जामखेडला आले ते दवाखाना काढायला. गावकऱ्यांना आधी अन्न आणि पाणी हवे होते, त्यामुळे कामाची सुरुवात तिथूनच झाली. पुढे १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. बालकांचे पोषण हे आता सरकारी खात्याचे काम झाले आणि खाते म्हटले की नोंदवही आलीच.

नोंदवही खोटी पडली ती नव्वदच्या दशकात. १९९२ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला बालमृत्यूंची साखळी लागली. पुढच्याच वर्षी मेळघाटातून, म्हणजे अमरावतीच्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतून, तशाच बातम्या आल्या. वर्तमानपत्रांनी ‘भूकबळी’ लिहिले. प्रशासनाने सांगितले की मुले आजाराने गेली. पत्रकार शीला बारसे यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली आणि सरकारने १९९५ मध्ये आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना आणली.

हा वाद नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. कुपोषण स्वतःच्या नावाने क्वचितच मारते. हडकलेल्या मुलाला पावसाळ्यात हगवण लागते किंवा न्यूमोनिया होतो. धडधाकट मूल त्यातून उठते, हे उठत नाही. त्यामुळे मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ‘न्यूमोनिया’ लिहिणारा कर्मचारी खोटे बोलत नसतो. पण असे शंभर रकाने ओळीने लावले की भूक कागदावरून पार नाहीशी होते. त्यात जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत गेलेल्या बाळाचे नावही ठेवलेले नसते. ते जन्माच्या नोंदीतही नसते आणि मृत्यूच्याही. संस्थांनी बोट ठेवले ते या जागेवर.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने ऐंशीच्या दशकापासूनच गावागावांतले जन्म आणि मृत्यू स्वतः नोंदवायला घेतले होते. ३९ गावांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यदूत बाया घरी जाऊन नवजात बाळ तपासत, वजन करत, जंतुसंसर्ग ओळखून औषध देत. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात-मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या ४७ गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. १९९९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पण एका जिल्ह्याच्या आकड्याला ‘तुमचा भाग वेगळा’ असे उत्तर नेहमीच देता येते.

ते उत्तर बंद करण्यासाठी राज्यभरातल्या तेरा संस्था ‘बालमृत्यू अभ्यास व कृती गट’ म्हणून एकत्र आल्या. आदिवासी पाडे, ग्रामीण गावे आणि शहरी झोपडपट्ट्या अशा तिन्ही ठिकाणी त्यांनी एकाच पद्धतीने बालमृत्यू मोजले. प्रत्येक मृत्यूनंतर घरच्यांशी बोलून कारण ठरवले. २००१ मध्ये आलेल्या त्या अहवालाचे नाव ‘कोवळी पानगळ’. राज्यात दर वर्षी लाखाहून कितीतरी अधिक मुले दगावत असावीत आणि सरकारदप्तरी त्यातला छोटा हिस्साच पोचतो, असे त्यात मांडले होते. माझ्या मते या इतिहासातली निर्णायक घटना हीच. तेरा संस्थांचे विचार, पैसा, स्वभाव वेगळे. कोणी सेवाभावी, कोणी मोर्चेवाले. एकच नमुना-फॉर्म सगळ्यांनी भरायचा हे ठरवणेच किती अवघड गेले असेल, हे अशा बैठकांना बसलेल्याला सांगायला नको. २००३ च्या अखेरीस सरकारने अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली.

त्याच सुमारास दिल्लीत दुसरा धागा विणला जात होता. २००१ मध्ये ‘पीयूसीएल’ या नागरी हक्क संघटनेने सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्काची याचिका केली: गोदामे भरलेली आणि माणसे उपाशी. २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशाने शाळेत शिजवलेले जेवण आणि अंगणवाडीचा आहार या योजना कृपा न राहता हक्क झाल्या. डिसेंबर २००६ च्या आदेशाने देशभर १४ लाख अंगणवाड्या उघडायला सांगितल्या. या खटल्याभोवती अन्न अधिकार अभियान उभे राहिले, महाराष्ट्रातही त्याची शाखा रुजली आणि आरोग्याच्या हक्कासाठी झटणाऱ्या जन स्वास्थ्य अभियानाशी त्याची गाठ पडली. मोजणी करणाऱ्यांच्या हाती आता कायद्याचे कलमही आले.

मग २००७ साल. मेळघाटासाठी डॉ. राजेंद्र बर्मा आणि ‘खोज’ या संस्थेच्या पूर्णिमा उपाध्याय यांच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाल्या, पंधरा वर्षांनंतरही त्यांवर सुनावणी चालूच होती. त्याच वर्षी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख सुरू झाली. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे हे पहिले पाच जिल्हे. राज्यपातळीवरचा समन्वय पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेकडे. गावकरी आपल्या आरोग्यसेवेचे प्रगतिपत्रक भरत आणि त्याचेही रंग तेच, हिरवा, पिवळा, लाल. इथे दंड मुलाचा नव्हता, खात्याचा होता. मग जनसुनवाई: मंचावर अधिकारी, समोर सतरंजीवर बायका, आणि हातात माइक आलेली एखादी आई विचारते की टीएचआरची पाकिटे तीन महिने का आली नाहीत. टीएचआर म्हणजे घरी न्यायचा कोरडा आहार. ही पाकिटे अनेक गावांत मुलांपेक्षा शेळ्या-कोंबड्यांच्या कामी आली, हे उघड गुपित आहे. त्याच्या कंत्राटांत महिला मंडळांच्या नावाआड कंपन्या आहेत, हा आरोप संघटनांनी वर्षानुवर्षे लावून धरला. अखेर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याची निविदा रद्द केली.

सरकार या काळात हातावर हात ठेवून बसले होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००५ मध्ये औरंगाबादला सुरू झालेले राज्य सरकारचे कुपोषणाविरुद्धचे राजमाता जिजाऊ मिशन हे अशा दुर्मीळ प्रयत्नांपैकी, जिथे वजन कमी भरलेले मूल सापडले तर सेविकेला दटावू नका, असे वरून सांगितले गेले. खरे आकडे दाखवायची भीती गेली की कुपोषण कागदावर आधी वाढते. बराच काळ टिकून काम केले तरच खाली येते. २०१२ च्या पाहणीत दोन वर्षांखालच्या मुलांचे खुरटलेपण, म्हणजे वयाच्या मानाने कमी उंची, ठळकपणे घटलेले दिसले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालच्या मुलांत ते २००५-०६ मध्ये ४६ टक्क्यांच्या वर होते, दहा वर्षांनी ३४.४ वर आले. तिथेच गाडी अडली. २०१९ मध्ये, म्हणजे कोविडच्या आधीच, ते ३५.२ टक्के होते. उंचीच्या मानाने लुकड्या मुलांचे प्रमाण तर या शेवटी सांगितलेल्या दोन्ही पाहण्यांत २५.६ टक्के, जागचे हललेच नाही.

एकत्र आलेल्या संस्थांत सगळे गोडीगुलाबीचे होते असेही नाही. सर्वांत कडाक्याचे भांडण शेंगदाण्याच्या पाकीटबंद पेस्टवरून झाले. तीव्र कुपोषित मूल हाताशी असलेला डॉक्टर म्हणतो, हे आठ आठवड्यांत वजन वाढवते, द्या. अन्न अधिकारवाले म्हणतात, आज पेस्ट आत आली की उद्या अंगणवाडीतली चूल विझेल. मला दोघांचेही पटते आणि त्यामुळे निर्णय आणखी अवघड होतो. ग्राम बालविकास केंद्रांत दिवसातून अनेकदा थोडे थोडे ताजे खायला घालायचे, तर सेविकेला त्यासाठी मदतनीस, इंधन आणि वेळेवर पैसे लागतात. २०१५ च्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण आणि मुलांना अंडी आली. गटांनी ती योजना आनंदाने स्वीकारली आणि लगेच अंडी मोजायला सुरुवात केली.

२०२१ मध्ये मोजणीची वही मोबाइलमध्ये गेली. ‘पोषण ट्रॅकर’मध्ये माहिती इंग्रजीत भरायची, फोन जुने आणि संथ, म्हणून राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी ते थेट कार्यालयांत नेऊन परत केले. ॲपचा आकडा, राष्ट्रीय पाहणीचा आकडा आणि पाड्यावर कार्यकर्त्यांनी पुन्हा घेतलेले वजन जुळेनासे झाले की अधिकारी आणि कार्यकर्ते एकत्र बसतात त्या गाभा समितीच्या बैठकीत पहिला तास त्यातच जातो: कोणता आकडा धरायचा?