हातकताई आणि सूतरंगाई (नागपूर)

कापूस, रेशीम किंवा लोकर यांचे तंतू टकळीवर (हाताने फिरवायच्या लहान फिरकीवर) अथवा चरख्यावर हाताने कातून सूत काढणे आणि ते बहुधा वनस्पतिजन्य रंगांत रंगवणे, हे पोटापाण्यासाठी नव्हे तर हौसेखातर करण्याचा छंद. नागपुरात या छंदाला वळण देणाऱ्या गोष्टी दोन : आसपास पिकणारा कापूस आणि वर्षातले कितीतरी महिने कोरडी राहणारी हवा. व्हिडिओ पाहून कताई शिकू लागलेल्या माणसाचे इथे पहिल्यांदा अडते, कारण ते धडे बहुतेक लोकरीचे आणि थंड, दमट मुलखातले असतात. लोकरीचा तंतू सात-आठ सेंटिमीटर लांब असू शकतो. विदर्भात सध्या पिकणाऱ्या संकरित कापसाचा तंतू साधारण २८ ते ३० मिलिमीटर भरतो आणि गावरान कापसाचा त्याहूनही आखूड. तंतू जितका आखूड तितका पीळ जास्त लागतो आणि हाताला चुकायला वाव कमी राहतो.

पूर्वपीठिका

नागपूर, उमरेड, पवनी, भंडारा या पट्ट्यात कोष्टी, हलबा-कोष्टी आणि मोमीन विणकरांची मोठी वस्ती आहे. गिरणीचे सूत स्वस्तात मिळू लागल्यावर या विणकरांचे माग चालू राहिले, पण त्यांना सूत पुरवणारी घरोघरची कताई मागे पडली. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. देशात रिंग स्पिंडल (सूत पिळून लगेच गुंडाळणारी यंत्रातली चाती) वापरून पाहणाऱ्या सुरुवातीच्या गिरण्यांत तिचे नाव घेतले जाते. गिरणीत हवा दमट ठेवण्याची यंत्रेही बसवली होती. नागपूरच्या उन्हाळ्यात सूत कातायचे तर त्यावाचून गत्यंतरच नव्हते.

पुढे चरखा परत आला तो राजकारणातून. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचे अधिवेशन नागपुरात भरले. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात सिव्हिल लाइन्सकडे जो झेंडा नेण्यावरून लोक तुरुंगात गेले त्याच्या मध्यभागी चरखाच होता. १९३४ मध्ये वर्ध्याला ग्रामसेवा मंडळ स्थापन झाले आणि १९३६ पासून गांधीजी सेवाग्रामला राहू लागले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगातून शिकवण्याची कल्पना पुढे आली आणि टकळी शाळेच्या वर्गात पोचली. १९३८ च्या अखेरीस वर्ध्याचे खादी-ग्रामोद्योगांचे मगन संग्रहालय उघडले. सुताचे माप याच चळवळीने पक्के केले : चार फुटांची एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी. दर वर्षी १२ फेब्रुवारीच्या सुमारास गांधीजींच्या स्मृतीसाठी भरणाऱ्या पवनारच्या मेळ्यात लोक अशी गुंडी सूतांजली म्हणून अर्पण करीत.

म्हणजे गेल्या शतकात या भागात सूत निघायचे ते एक तर पगारासाठी, नाहीतर व्रत म्हणून. हौसेने कातणारा माणूस या दोन्ही चौकटींत बसत नाही. त्याचा खरा पूर्वज शोधायचा तर तो देवघरात सापडतो. महालक्ष्म्यांसाठी ओल्या बोटांनी कापूस ओढून वस्त्रमाळा करणे, त्यावर हळदीकुंकवाची बोटे लावणे, तळहातावर राख घेऊन वाती वळणे, टकळीवर जानव्याचे सूत काढणे ही कामे कुणी छंद म्हणून मोजली नाहीत. तंतू ओढता ओढता पीळ देण्याची बोटांची सवय मात्र हीच. वाती वळलेल्या हाताला टकळी लवकर साधते, हे कोणत्याही शिकाऊ मंडळींत बसून पाहिले की ध्यानात येते.

कापूस आणि पेळू

कापूस घरच्या किंवा ओळखीच्या शेतातल्या पऱ्हाटीचा (कपाशीचा) असेल तर काम वेचणीपासून सुरू होते. पाचोळा लागलेला किंवा डागाळलेला कवडी कापूस बाजूला काढावा लागतो. सरकी हाताने काढता येते, मात्र त्यात फार वेळ जातो. पाटावर बोंडाचा कापूस ठेवून लोखंडी सळई दाबत फिरवली की सरकी पुढे निसटते, ही जुनी रीत थोड्या कापसाला पुरेशी आहे. जिनिंगमधून दाबून आलेली रुई स्वस्त असते, पण गाठीत दबलेले तंतू पुन्हा मोकळे करायला चांगले पिंजावे लागते. पिंजाऱ्याची धनुकली घरात बाळगणारे थोडेच. बहुतेक जण तारांचे दोन ब्रश वापरतात किंवा खादी संस्थांकडून तयार पेळू (कातण्यासाठी वळलेल्या कापसाच्या नळ्या) आणतात. पेळू सैल आणि सारखा वळलेला हवा. वाईट पेळूवर चांगले सूत निघत नाही, आणि नवशिक्याला हे उशिरा कळते. तोवर तो बिचारा आपल्या हातालाच दोष देत राहतो.

चरख्यांत पेटी चरखा सर्वांत सोयीचा. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी वापरलेल्या नमुन्यावरून तो येरवडा चरखा म्हणूनही ओळखला जातो. पेटीत दोन चाके असतात. मोठे चाक लहान चाकाला आणि लहान चाक चात्याला (सूत पिळून गुंडाळणाऱ्या टोकदार सळईला) गती देते, त्यामुळे हाताच्या एका फेऱ्यात चाते कित्येक वेळा फिरते. उजव्या हाताने चाक फिरवायचे, डाव्या चिमटीत पेळू धरून हात मागे ओढत न्यायचा आणि तार चात्याच्या टोकावरून पीळ घेत लांबवायची. हात पुरता मागे गेला की क्षणभर पीळ चढू द्यायचा, चाक किंचित उलटे फिरवून टोकावरचे वेढे सोडायचे, मग सूत चात्यावर गुंडाळायचे. चाकाचा वेग आणि हाताची ओढ यांचे गणित जमेपर्यंत तार तुटतच राहते. टकळीला वेग कमी, पण ती पर्समध्ये मावते आणि मेट्रोतही चालवता येते.

सुताचा बारीकपणा अंकात मोजतात. एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी, तितका अंक. २० अंकाच्या सुताची ६४० तारांची गुंडी जेमतेम २३ ग्रॅम भरते. नवशिक्याचे सूत याच्या दुप्पट जाड निघाले तरी बिघडत नाही. जुन्या खादीवाल्यांना जाडबारीक सूत म्हणजे दोषच वाटे, आणि त्यांचे खरे होते, कारण असे सूत मागावर तुटते आणि त्रास विणकराला होतो. हौशी मंडळी आज गाठाळ सूत मुद्दाम काढतात आणि त्याचे तोरण, उशीचा अभ्रा, क्रोशाची पिशवी करतात. त्याला हरकत नाही. मात्र एकसारखे सूत काढता येत असूनही जाडबारीक काढणे वेगळे आणि तसेच निघते म्हणून तसे ठेवणे वेगळे.

हवा

कापूस ओला असताना अधिक मजबूत असतो, हे पुष्कळांना उलटे वाटते. हवेतली आर्द्रता ६५ टक्के असताना तो वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास पाणी धरून ठेवतो. मे महिन्यात नागपूरची दुपारची आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते. तेव्हा तंतू ठिसूळ होतात आणि एकमेकांपासून फुलून दूर राहतात, पेळू बोटांना चिकटतो आणि तार पटापट तुटते. श्रावण-भाद्रपदात तोच पेळू, तोच चरखा आणि तोच हात असून सूत सरळ निघते. म्हणून इथे कताईचा खरा हंगाम पावसाळा. उन्हाळ्यात ज्यांना राहवत नाही ते पहाटे कातात, नाहीतर पेळू रात्रभर ओल्या फडक्याशेजारी झाकून ठेवतात. कूलरच्या खोलीतली हवा दमट असते, तिचाही उपयोग होतो. फक्त कूलरच्या समोर बसू नये, पेळू उडून जातात.

कोसा

पूर्व विदर्भात कापसाइतकाच जवळचा तंतू म्हणजे कोसा, म्हणजेच टसर. ऐन आणि अर्जुन या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचे हे रेशीम. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत ढिवर समाज पिढ्यान् पिढ्या कोसापालन करत आला आहे, आणि करवत काठी साड्या याच रेशमाच्या. अखंड कोशातून धागा उलगडण्याचे काम स्त्रिया मांडीवर धागा वळत करीत. त्यात कातडी सोलवटून निघते, तेव्हा हौसेखातर कुणी ते करू नये. किडा बाहेर पडलेल्या फुटक्या कोशांपासून मात्र चांगली कताई होते. सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ केलेला कोश बोटांनी ओढत टकळीवर काततात. खरबरीत, मातकट सोनेरी सूत निघते आणि ते न रंगवताही देखणे दिसते.

रंगाई

कापूस रंग सहज धरत नाही. त्याच्या तंतूवर मेण असते. ते काढायला लडी धुण्याच्या सोड्यात तास-दोन तास उकळावी लागते. पाणी चहासारखे तपकिरी होते. सुकलेल्या लडीवर पाण्याचा थेंब टाकावा : तो लगेच शोषला गेला तर काम झाले, मण्यासारखा वर राहिला तर पुन्हा उकळावे. लड बांधताना दोरे इंग्रजी आठाच्या आकारात आणि सैल घालतात. घट्ट बांधले की तेवढी जागा पांढरी राहते.

यानंतर हिरडा आणि तुरटी. हिरड्यातले टॅनिन कापसाला धरते, तुरटी टॅनिनला धरते आणि रंग तुरटीला. सुक्या सुताच्या वजनाच्या १५ ते २० टक्के हिरडा आणि तितकीच तुरटी हे प्रमाण बहुतेक ठिकाणी चालते. कोसा आणि लोकर यांना हिरड्याची गरज नाही, नुसती तुरटी पुरते. इतवारीतल्या काष्ठौषधींच्या दुकानांत हिरडा, मंजिष्ठा, कात, रिठा सगळे मिळते. दुकानदार बहुधा औषधासाठी म्हणूनच विचारून देतो.

फाल्गुनात नागपूरच्या चहूबाजूंना पळस फुलतो. होळीच्या रंगासाठी फुले उकळणे ही सर्वांच्या ओळखीची गोष्ट. सुतावर तुरटीसह पिवळा आणि चिमूटभर सोडा घातला की केशरी रंग येतो. मात्र उन्हात तो टिकत नाही, आणि हळद त्याहून लवकर उडते. या दोन रंगांवर भिस्त ठेवून केलेली पहिली शाल वर्षभरात फिकट होते. टिकाऊ पिवळ्यासाठी डाळिंबाची साल बरी. संत्र्यांच्या शहरात साली फेकवत नाहीत हे खरे, पण त्यांत रंग फारसा नाही. हिरडा लावलेल्या सुताला हिराकशीच्या (लोहाच्या क्षाराच्या) पाण्यात बुडवले की राखाडीपासून काळ्यापर्यंत छटा येतात. हिराकस जपून वापरावी, जास्त झाली की धागा कुजतो. लोखंडाचा गंज आणि गूळ आंबवून केलेला काट हा त्याचाच जुना प्रकार.

लाल रंगासाठी पूर्वी मध्य प्रांतात आल या झाडाची लागवड होत असे. त्याच्या मुळ्यांच्या सालीतून लाल निघे. १८६८ मध्ये अलिझरिन हे लाल रंगद्रव्य प्रयोगशाळेत बनवता आले आणि पुढच्या काही दशकांत अशा पिकांचे दिवस सरले. आज हौशी लोक मंजिष्ठा घेतात. तिचे पाणी उकळू द्यायचे नाही, ६०-७० अंशांवरच ठेवायचे, नाहीतर लालाचा विटकरी होतो. बोअरच्या जड पाण्यात मंजिष्ठा उलट छान खुलते. त्याच पाण्यात लोह असेल तर पिवळे रंग मात्र मंद पडतात. म्हणून काही जण पिवळ्यासाठी पावसाचे पाणी साठवतात.

निळीची पद्धत सर्वांहून वेगळी. नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून चुना आणि गूळ घालून तिच्यातला प्राणवायू काढून घेतला जातो. तयार माठातले पाणी निळे नसते, हिरवट पिवळे असते आणि वर तांबूस तकाकीचा फेस येतो. सूत बुडवून वर काढले की ते हिरवे दिसते आणि हवा लागताच काही मिनिटांत निळे होते. गडद निळा हवा असेल तर एकदाच जास्त वेळ ठेवून उपयोग नाही, थोडा थोडा वेळ पुन्हा पुन्हा बुडवावे लागते. डिसेंबर-जानेवारीत माठ थंड पडून काम थांबते, तेव्हा तो पोत्यात गुंडाळून उन्हात ठेवतात.

रंगाची भांडी स्वयंपाकात पुन्हा वापरू नयेत. हिरव्या रंगासाठी वापरतात ती मोरचूद विषारी आहे. तिच्यावाचून हिरवा रंग निळीवर डाळिंब चढवूनही मिळतो.

विक्री

छंदातून निघालेले सूत किंवा कापड प्रदर्शनात विकायला ठेवले की नावाचा प्रश्न येतो. खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार खादी म्हणजे भारतात हाताने कातलेल्या कापूस, रेशीम किंवा लोकरीच्या सुताचे, भारतात हातमागावर विणलेले कापड. घरचे कापड या व्याख्येत बसले तरी २०१३ च्या खादी मार्क नियमांनंतर प्रमाणपत्राशिवाय ते खादी म्हणून विकता येत नाही. त्यामुळे हौशी मंडळी चिठ्ठीवर ‘हातकताईचे सूत’ एवढेच लिहितात आणि त्याखाली रंग कशाचा ते.