गॅस संपला, आता विहीर बुजवा!

उत्तर समुद्रात ब्रिटनला पहिला गॅस सापडला १९६५ साली, वेस्ट सोल क्षेत्रात. तेव्हापासून पाडलेल्या कित्येक विहिरी आता थकल्या आहेत. दाब उतरला, उत्पन्नातून खर्चही निघेना, की विहीर बुजवायची आणि तीही कायमची. वरून झाकण ठोकून भागत नाही. या भागातला गॅस वालुकाश्मात कोट्यवधी वर्षं टिकला तो मुख्यतः वरच्या मिठाच्या जाड थरामुळे. आपण त्यालाच भोक पाडलंय. ते तिथेच, खोलवर, या बाजूच्या खडकापासून त्या बाजूच्या खडकापर्यंत भरायला हवं.

खरी डोकेदुखी पोलादी केसिंगची, म्हणजे विहिरीला आतून अस्तरासारख्या बसवलेल्या नळीची. केसिंग आणि खडक यांच्यामधल्या फटीतलं जुनं सिमेंट कुठे तडकलेलं असतं, कुठे पोचलेलंच नसतं. मग आत कितीही सिमेंट ओता, गॅस बाहेरच्या फटीतून वर येतोच. म्हणून केसिंगचा पन्नासेक मीटरचा तुकडा चक्क खरवडून काढायची पद्धत पडली. पोलादाचा कुरळा कीस वर येताना अडकतो, झडपा खराब करतो, आणि तोवर रिगचं, म्हणजे विहिरीवर काम करणाऱ्या यंत्रसज्ज मंचाचं, भाडं चढतच राहतं. दिवसाला लाख डॉलर म्हणजे त्या धंद्यात काही फार नाहीत. ब्रिटनमध्ये समुद्रातली क्षेत्रं मोडीत काढण्याचा जवळपास निम्मा खर्च एकट्या विहिरींवर होतो. पैसे वाचवायचे तर रिगचे दिवस कमी करायचे, एवढं हे सरळ आहे.

नॉर्वेत त्यावर एक तोड निघाली. केसिंग कापायचं नाही. त्याला भोकं पाडायची, जोरदार फवाऱ्याने मागची घाण धुवायची आणि त्याच भोकांतून सिमेंट दाबायचं. आठवडा-दीड आठवड्याचं काम दोन-तीन दिवसांत उरकतं. दुसरा उपाय बिस्मथच्या मिश्रधातूचा. बिस्मथ पाण्यासारखं गोठताना फुगतं, सुमारे ३ टक्के. साधं सिमेंट उलट आकसतं. धातू विहिरीत सोडून थर्माइटने, म्हणजे पेटल्यावर प्रचंड उष्णता देणाऱ्या मिश्रणाने, वितळवतात. केबलवर काम होतं, मोठी रिग लागत नाही. मात्र धातू महाग, आणि तो शतकानुशतकं टिकेल का, हे दाखवायला अनुभव अजून तोकडा.

मला सगळ्यात भावलेली युक्ती मात्र जवळपास फुकटातली. काही विहिरींत ध्वनिलहरींनी केसिंगमागची पकड तपासली, तर जिथे सिमेंट कधी पोचलंच नव्हतं अशा खोलीवरही ती घट्ट निघाली. मऊ शेल खडक वर्षानुवर्षं सरकत येऊन केसिंगला बिलगला होता! आता दाब देऊन चाचणी घेतात आणि तो टिकला, तर बाहेरची फट बंद झाली असं धरतात. मग फक्त आतून सिमेंट भरायचं. अर्थात सगळेच शेल असे मऊ नसतात.

आपल्याकडे मुंबईच्या वायव्येला ताप्ती क्षेत्राचं उत्पादन २०१६ मध्ये थांबलं आणि भर समुद्रातलं क्षेत्र मोडीत काढण्याचा देशातला पहिला मोठा प्रयोग तिथेच झाला. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हायच्या जुन्या विहिरींची पाळी येईल तेव्हा सिमेंट मागवण्याआधी दोन गोष्टी बघाव्या लागतील: केसिंगमागे शेल कुठला आहे, आणि विहीर पाडतानाच्या नोंदी कुठल्या कपाटात आहेत.