गार पोल, कोरडे तळवे

जानेवारीतलं इंग्लंड, पोल-डान्सचा, म्हणजे धातूच्या उभ्या खांबावरच्या नृत्य-कसरतींचा, सकाळचा वर्ग. हॉल रात्रभर बंद होता, हीटर आत्ताच लावलाय, पोलला हात लावला की झिणझिण्या येतात. ऑगस्टमध्ये जे सहज जमत होतं, म्हणजे मांड्यांमध्ये पोल दाबून दोन्ही हात सोडून बसणं, ते आज जमत नाही. शरीर बोट-बोट खाली सरकत राहतं. सवयीने हात खडूच्या डबीकडे जातो, तळव्यांना मॅग्नेशियम कार्बोनेट चोळलं जातं, आणि उरलीसुरली पकडही जाते.

खडूचं काम घाम टिपण्याचं. उन्हाळ्यात कातडी आणि धातू यांच्यामध्ये पाण्याचा थर साचतो, तेव्हा खडू तारतो. थंडीत टिपायला घामच नसतो. हिवाळ्यातली घसरण बहुतेक वेळा कोरडेपणाची असते, आणि पोलवर चढणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्याच हिवाळ्यात कुणीतरी सांगायला हवं असं मला फार वाटतं.

घर्षण दाबावर ठरतं, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर नाही, असं आपण शाळेत शिकलो. पण विसाव्या शतकाच्या मध्यावर केंब्रिजच्या फिलिप बाउडन आणि डेव्हिड टेबर यांनी या नियमाच्या पोटात शिरून पाहिलं. दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात टेकतात ते आपापल्या उंचवट्यांच्या टोकांवर, आणि घर्षण या खऱ्याखुऱ्या स्पर्शावर अवलंबून असतं. आता कातडीचा विचार करा. तिचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा. तो कोरडा असला की कडक, ओलावा मुरला की मऊ. सुका पापड ताटाला चार ठिकाणी टेकतो; ओल्या फडक्यात ठेवलेला पापड ताटाला अंगभर चिकटून बसतो. किंचित दमट तळवा पोलला धरतो तो असाच. अति ओला झाला तर मध्ये पाणीच येतं, आणि अगदी सुका असला तर तो वरवर टेकतो. चांगली पकड या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्ट्यात असते.

हा फरक किरकोळ नाही. घर्षणांक म्हणजे घर्षण दाबाच्या किती पट, तो आकडा. ६० किलो वजन तोलायचं तर घर्षणांक १ असताना सगळा मिळून ६० किलोंइतका दाब पुरतो, घर्षणांक ०.५ झाला की १२० किलोंइतका लागतो. बरं, जोर वाढवून भागतं असंही नाही. मऊ, गोलसर वस्तू गुळगुळीत पृष्ठभागावर दाबली तर आठपट दाबाला स्पर्शाचं क्षेत्र साधारण चौपटच वाढतं. घाबरून आवळत गेलं तर हात तेवढे भरून येतात.

थंडी कातडीला दोन बाजूंनी सुकवते. अंगातली ऊब राखण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, घामही आटतो. दुसरी बाजू हवेची. शून्य अंशाच्या हवेत घनमीटरमागे जास्तीत जास्त ५ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, २० अंशांना १७ ग्रॅम. बाहेरची तीच हवा हीटरने तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे मावेल त्यातली किती वाफ आहे ते प्रमाण, तीस टक्क्यांच्याही खाली उतरते, आणि अशी हवा ओठांपासून टाचांपर्यंत सगळीकडचा ओलावा ओढून घेते.

मग धातू. खोली १५ अंशांवर आणि कातडी ३२ अंशांवर असेल, तर कागदावरच्या गणिताने स्टेनलेस स्टीलला हात लावताक्षणी स्पर्शाच्या जागी १७-१८ अंश तापमान होतं, लाकडाला लावला तर २७ च्या आसपास. दोन्ही वस्तू १५ अंशांवरच असतात. स्टील उष्णता भराभर ओढतं, एवढाच फरक. पितळ तर स्टेनलेसच्या साधारण सातपट वेगाने उष्णता वाहून नेतं. पितळेची पकड चांगली म्हणून ते पुष्कळांना आवडतं, पण थंडीत पहिला चटका त्याचाच जास्त.

इथे आपला मल्लखांब आठवल्याशिवाय राहत नाही. तो सागाचा किंवा शिसवीचा, म्हणून गारठ्यातही अंगाला तेवढा बोचत नाही. त्यावर चक्क एरंडेल लावतात. अढी, दसरंग अशा मल्लखांबाच्या कसरती करताना कातडी लाकडावर घासून सोलवटू नये म्हणून हे तेल. एरंडेल पाण्याच्या सुमारे हजारपट दाट, त्यामुळे ते झटकन ओघळून जात नाही. पण मल्लखांबाचं अंग चांगलं जाड असतं, त्याला मांड्या आणि पोटऱ्यांची मोठी मिठी बसते. स्पर्धेतला पोल अवघा ४५ मिलिमीटर व्यासाचा आणि चकचकीत. त्याला तेलाचं बोट लागलं तरी वर्ग वाया जातो.

म्हणून पहिला उपाय पोल गरम करण्याचा. ३ मीटर उंचीचा, २ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा पोल साधारण साडेसहा किलो भरतो. त्याला १२ अंशांवरून २२ वर न्यायला ३२ किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे १००० वॉटच्या हेअर ड्रायरची जेमतेम अर्ध्या मिनिटाची. प्रत्यक्षात बरीचशी ऊब हवेत जाते, तेव्हा काही मिनिटं धरा, आणि सगळा पोल न तापवता जिथे मांड्या-हात बसणार तेवढाच भाग तापवा. खोली तासभर आधी उबदार केली तर त्याहून उत्तम.

दुसरा उपाय कातडीला ओलावा देण्याचा. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, म्हणून ते असलेलं क्रीम आदल्या रात्री लावावं. वर्गाच्या दिवशी तेलकट लोशन नको. पुष्कळ नर्तक पायांना दाढीचा फेस चोळून वाळू देतात; त्यात ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल असतं, कातडी थोडी चिकटसर होते. खडूऐवजी मेणाचं किंवा राळेचं चिकट साधन घ्यावं, तेही थोडंसंच, कारण त्याचा थर पोलवर साचतो आणि पुढच्या माणसाला तो पुसावा लागतो.

कोरडेपणाच्या उलट एक प्रकारही हिवाळ्यातच दिसतो. खोलीत माणसं जमली, श्वासांनी हवा दमट झाली, आणि पोल अजून गारच आहे. २० अंशांच्या, ६० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू १२ अंश. पोल त्याहून थंड असेल तर गार पाण्याच्या तांब्यासारखा त्यावर दव धरतो. वर्ग सुरू होताना पोलवर बोट फिरवून बघा. रेघ उमटली तर क्रीम-राळ काही नको. कोरड्या टॉवेलने पुसायचं आणि ड्रायर लावायचा.

बोटांचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की ती बोथट होऊ लागतात, ८ च्या आसपास स्पर्शच कळेनासा होतो. अशा हातांना आपण सुटतोय हे सुटल्यावर कळतं. शर्टाची गुंडी झटकन लावता येत नसेल तोवर डोकं खाली करून लटकायचं नाही.