गरिबांना मदत : नैतिक सिद्धांत आणि वाद

ज्याच्याजवळ गरजेपेक्षा जास्त आहे त्याने नडलेल्याला द्यावे, याबद्दल नीतिशास्त्रात फारसे दुमत नाही. वाद आहे तो न देणाऱ्याला काय म्हणायचे यावर. दिले तर कौतुक, नाही दिले तरी दोष नाही, अशा कामांत मदतीची गणना करायची, की न देणे ही सरळसरळ थकबाकी समजायची? मदत उपकार आहे की देणे, या एका मुद्द्याभोवती प्राचीन धर्मचिंतनापासून आजच्या उपयोजित नीतिशास्त्रापर्यंतची चर्चा फिरत राहिली आहे. किती द्यावे, कोणाला द्यावे, दूरच्याला की जवळच्याला, पैसा की काम, हे बाकीचे प्रश्न त्यातूनच फुटतात.

जुनी मते

ॲरिस्टॉटलच्या दृष्टीने औदार्य हा सद्गुण आहे. योग्य माणसाला, योग्य वेळी, योग्य तेवढे आणि तेही आनंदाने देतो तो उदार. सगळा भर देणाऱ्याच्या स्वभावावर आहे. घेणाऱ्याचा त्यावर काही हक्क आहे, असा विचार तिथे नाही. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायातही दानाची प्रतवारी देणाऱ्याच्या वृत्तीवरून लागते. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य स्थळी, योग्य काळी आणि पात्र व्यक्तीला दिलेले दान सात्त्विक. पात्र कोण, हा प्रश्न या चर्चेला कायमचा चिकटलेला आहे.

इस्लाममधील जकातीची मांडणी निराळी आहे. ठरावीक मर्यादेपलीकडच्या संपत्तीचा अडीच टक्के हिस्सा दरवर्षी देणे बंधनकारक असून तो कोणाकोणाला द्यायचा याचे आठ वर्ग कुराणात सांगितले आहेत. संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क असतो, असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. बाराव्या शतकातील ज्यू धर्मशास्त्री मायमोनिडीस याने दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. सर्वांत खालची पायरी नाखुशीने दिलेल्या दानाची. सर्वांत वरची पायरी म्हणजे कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसावर पुन्हा हात पसरायची वेळच येऊ न देणे. ख्रिस्ती परंपरेत तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस तर आणखी पुढे गेला. जीव जायची पाळी आलेल्या माणसाने दुसऱ्याजवळचे अन्न घेतले, तर ती चोरीच नव्हे, असे त्याचे मत होते. मालमत्तेच्या हक्काचा मोठा कैवारी जॉन लॉक यानेही अत्यंत गरजू माणसाचा दुसऱ्याच्या वरकड संपत्तीवर हक्क मान्य केला. मालमत्तेच्या बाजूने लॉकचा हवाला देणारे हा भाग बहुधा गाळतात.

इमॅन्युएल कांटने कर्तव्यांचे दोन प्रकार मानले. खोटे वचन न देणे हे पूर्ण कर्तव्य. त्यात सवलत नाही. परोपकार हे अपूर्ण कर्तव्य. ते करायचेच, पण कोणासाठी, कधी आणि किती, याची मोकळीक आहे. सुखवस्तू माणसाला ही मोकळीक फार सोयीची वाटत आली आहे. पण १७९७ च्या नीतिविषयक ग्रंथात कांटनेच एक खोच मारून ठेवली आहे. काही लोकांकडे देण्याइतका पैसा येतो तो बहुतेकदा अन्यायी राजव्यवस्थेने त्यांना झुकते माप दिल्यामुळे. मग अशा श्रीमंताने केलेल्या मदतीला परोपकार म्हणावे तरी का, असा त्याचा सवाल आहे. दोनशे वर्षांनी जर्मन तत्त्वज्ञ थॉमस पोगे याने जो मुद्दा सविस्तर मांडला, त्याचे बीज इथे दिसते.

एकोणिसाव्या शतकात चर्चेचा सूर बदलला. मदतीने माणूस आळशी होतो का, ही काळजी पुढे आली. अर्थशास्त्रज्ञ माल्थसने १७९८ मध्ये इंग्लंडमधील गरीब-कायद्यांवर, म्हणजे गरिबांना सरकारी मदत देणाऱ्या कायद्यांवर, टीका केली होती. अशा मदतीने लोकसंख्या वाढते, अन्न वाढत नाही आणि एकंदरीने गरिबीच वाढते, असा त्याचा हिशेब होता. १८३४ च्या सुधारित कायद्याने मदत शक्यतो श्रमगृहात येऊन राहणाऱ्यालाच द्यायची, आणि तिथली स्थिती बाहेर राबणाऱ्या सर्वांत गरीब मजुराहूनही हलाखीची ठेवायची, असे तत्त्व स्वीकारले. म्हणजे मदत अशी द्यायची, की ती नकोशी वाटावी. जॉन स्टुअर्ट मिलने १८४८ मध्ये या प्रश्नाची अधिक समंजस फोड केली. मदतीचे परिणाम आणि मदतीवर विसंबून राहण्याचे परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे तो म्हणतो. पहिले बहुधा हितकारक, दुसरे बरेचदा घातक. गरिबीवरच्या आजच्या धोरणचर्चाही फिरून याच फरकाशी येतात.

तळ्यातले मूल

आधुनिक वादाला तोंड फुटले ते पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाच्या १९७२ मधील निबंधाने. नोव्हेंबर १९७१ मध्ये त्याने तो लिहिला, तेव्हा पूर्व बंगालमधून परागंदा झालेले किमान नव्वद लाख निर्वासित अन्न, निवारा आणि औषधांवाचून होते. सिंगरने दिलेले आकडे आजही बोचतात. त्याच्या हिशेबाने ऑस्ट्रेलियाची मदत सिडनीच्या नव्या ऑपेरा हाउसच्या खर्चाच्या बाराव्या हिश्शाहूनही कमी होती. ब्रिटनने सुमारे १.४७५ कोटी पौंड दिले होते. त्याच ब्रिटनचे काँकॉर्ड विमानाच्या प्रकल्पात २७.५ कोटी पौंड परत न येण्यासारखे गुंतले होते.

त्याचा युक्तिवाद दोन वाक्यांत मावतो. उपासमार आणि औषधपाण्यावाचून येणारा मृत्यू ही वाईट गोष्ट आहे. काही वाईट घडणे टाळणे आपल्या हातात असेल आणि त्यासाठी तितक्याच नैतिक मोलाची गोष्ट गमवावी लागणार नसेल, तर ते वाईट टाळलेच पाहिजे. उथळ तळ्यात एक मूल बुडते आहे आणि तुम्ही जवळून चालला आहात. उतरलात तर कपडे चिखलाने भरतील, एवढेच. कपड्यांसाठी मुलाला बुडू देणाऱ्याला कोणीही माफ करणार नाही. मग मूल दहा पावलांवर नसून हजारो मैलांवर असेल, किंवा मदत करू शकणारे आणखी लाखो लोक असतील, तर कर्तव्य कमी का व्हावे? सिंगरच्या मते होत नाही. यातून निघणारा निष्कर्ष मोठा आहे. दान आणि कर्तव्य यांमधली नेहमीची रेघ पुसली जाते, आणि नवे कपडे घेण्याऐवजी ते पैसे दुष्काळनिधीला न देणे हा दोष ठरतो.

हा युक्तिवाद उपयुक्ततावादी वळणाचा, म्हणजे एकूण सुख ज्याने सर्वाधिक वाढेल ते योग्य असे मानणारा, असला तरी तो पटायला उपयुक्ततावादी असावे लागत नाही, हे त्याचे बळ. त्यामुळे टीकाकारांनी पहिल्या विधानाला हात न लावता दुसऱ्यावर मारा केला. मुख्य आक्षेप असा, की हे तत्त्व माणसाकडून अतोनात मागते. एका मुलाला वाचवून घरी जाता येते. पण तळी संपतच नसतील तर? बर्नार्ड विल्यम्सने एकूण उपयुक्ततावादावरच घेतलेला आक्षेप इथे लागू पडतो: स्वतःचे आयुष्य, नाती आणि निष्ठा यांना बेरजेतील एक आकडा मानले, तर माणूस म्हणून काही शिल्लक राहत नाही. सुझन वुल्फने १९८२ मध्ये नैतिक संत, म्हणजे सगळे आयुष्य इतरांच्या भल्यालाच वाहिलेला माणूस, हा आदर्श तरी आहे का, असाच प्रश्न केला. लियम मर्फीचा मुद्दा वाटणीचा होता: सर्वांनी आपापला वाटा दिला असता तर माझ्यावर जेवढे पडले असते तेवढेच माझे कर्तव्य, दुसऱ्यांनी अंग काढून घेतले म्हणून त्यांचाही वाटा माझ्या माथी मारता येणार नाही. ऐकायला हे रास्त वाटते. पण दोन मुले बुडताहेत, दोघे जण काठावर आहेत आणि दुसरा काढता पाय घेतो, तेव्हा आपल्या वाट्याचे एकच मूल काढून घरी गेलेल्या माणसाबद्दल काय वाटेल, हे पाहिले की मर्फीची बाजू लंगडी पडते.

जीवनौका

सिंगरच्या अगदी उलट टोकाला जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन उभा आहे. १९७४ मध्ये त्याने गरिबांना मदत करण्याच्या विरोधात जीवनौकेचे चित्र मांडले. श्रीमंत राष्ट्र ही एक नाव आहे. तीत ५० माणसे बसली आहेत आणि फार तर आणखी १० मावतील. भोवतीच्या पाण्यात १०० जण गटांगळ्या खात आहेत. सर्वांना घेतले तर सगळेच बुडतील. १० जणांना घेतले तर सुरक्षिततेसाठी ठेवलेली जागा संपेल, शिवाय ते १० कोण हे कसे ठरवायचे? म्हणून कोणालाच घेऊ नये. ज्याला याची शरम वाटते त्याने खुशाल आपली जागा दुसऱ्याला द्यावी, असेही तो वर ऐकवतो. अन्नमदत आणि स्थलांतर या दोन्हींना त्याचा विरोध याच तर्काने होता: आज वाचलेले लोक उद्या अधिक मुलांना जन्म देतील आणि पुढचे संकट आणखी मोठे असेल.

हा त्या काळचा एकट्याचा विचार नव्हता. विल्यम आणि पॉल पॅडॉक या बंधूंनी १९६७ मध्ये रणभूमीवरच्या जखमींप्रमाणे देशांची वर्गवारी करून भारताला वाचवता न येणाऱ्यांत टाकले होते. लगेच पुढच्या काही वर्षांत भारतातील गव्हाचे उत्पादन झपाट्याने वाढले. ज्या पूर्व बंगालवरून सिंगरने लेखणी उचलली, त्या बांगलादेशात दर स्त्रीमागे सातच्या जवळपास असलेला जननदर आता दोनच्या आसपास आला आहे. बालमृत्यू घटले आणि मुली शिकल्या की जननदर उतरतो, हा अनुभव इतक्या देशांत आला आहे, की हार्डिनच्या गणिताचा पायाच डळमळला.

पण त्याला खरा धक्का अमर्त्य सेन यांच्या १९८१ मधील दुष्काळविषयक अभ्यासाने दिला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सेन यांच्या अंदाजाने सुमारे तीस लाख माणसे मेली. त्या वर्षी उपलब्ध असलेले धान्य आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा जेमतेम पाच टक्क्यांनी कमी होते, आणि दुष्काळ नसलेल्या १९४१ पेक्षा तर जास्तच होते. युद्धकाळात धान्याचे भाव भडकले; शेतमजूर, मासेमार आणि किरकोळ कारागीर यांची मजुरी मात्र तिथेच राहिली. गोदामात धान्य होते, ते घेण्याचे बळ त्यांच्याकडे नव्हते. नावेत जागाच नाही, हे हार्डिनचे गृहीतक त्यामुळे निकामी होते. ओनोरा ओनील या कांटवादी विदुषीने १९७५ मध्येच त्याची नाव उलटी वापरली होती. शिधा सर्वांना पुरेल इतका असताना वाटप असे केले की कोणी मरावे, तर ते मरू देणे नसून मारणे आहे, असा तिचा निष्कर्ष आहे.

तळे आणि नाव या दोन्ही चित्रांत एक समान उणीव आहे. मूल पाण्यात कसे पडले आणि ते शंभर जण नावेबाहेर का राहिले, हे दोन्हींत विचारलेच जात नाही.

दान की न्याय

हा प्रश्न विचारणारे मदतीकडे न्यायाच्या बाजूने पाहतात. जॉन रॉल्सने १९७१ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार समाजातील विषमता तेव्हाच समर्थनीय ठरते, जेव्हा तिचा लाभ सर्वांत तळाच्या लोकांना मिळतो. मात्र राष्ट्राराष्ट्रांमध्ये हे तत्त्व लावायला त्याने नकार दिला. १९९९ च्या ग्रंथात त्याने संकटग्रस्त समाजांना स्वतःच्या न्याय्य संस्था उभारता येतील इथपर्यंतच साहाय्याचे कर्तव्य मान्य केले. ते साधले की कर्तव्य संपले. रॉबर्ट नॉझिकने (१९७४) तर वाटपाची कल्पनाच धुडकावली. रास्त मार्गाने मिळवलेले ज्याचे त्याचे. कमाईवर कर लावून ते दुसऱ्याला देणे हे वेठबिगारीच्या पंक्तीतले आहे. स्वेच्छेने दान करायला त्याचा विरोध नाही. मालमत्ता मुळात मिळवतानाच अन्याय झाला असेल तर भरपाई झाली पाहिजे, हेही तो मानतो. जगातील किती मालमत्ता या कसोटीला उतरेल, हे मात्र त्याने फारसे तपासले नाही.

पोगेचा युक्तिवाद नॉझिकच्या अनुयायांनाही गप्प बसवू पाहतो. कोणाला मदत करणे हे कर्तव्य असो वा नसो, कोणाचे नुकसान न करणे हे तर सर्वांनाच मान्य आहे. आणि श्रीमंत देश गरिबांचे नुकसान करत आहेत, असे त्याने २००२ मध्ये मांडले. त्याचे नेमके उदाहरण असे: एखादी टोळी बंदुकीच्या जोरावर देशाची सत्ता बळकावते. दुसऱ्या दिवसापासून ती त्या देशाचे तेल विकू शकते आणि देशाच्या नावे कर्ज काढू शकते. जागतिक व्यवस्था हे दोन्ही व्यवहार कायदेशीर मानते. तेल परदेशी जाते, पैसा टोळीकडे जातो आणि कर्ज जनतेच्या डोक्यावर बसते. या हिशेबाने मदत म्हणजे नुकसानभरपाई. गरिबीला त्या त्या देशातील कारभार आणि संस्थाही तितक्याच कारणीभूत असतात, हा विरोधकांचा आक्षेप खोटा नाही. पण टोळीला ग्राहक आणि सावकार बाहेरचे मिळतात, याचे उत्तर त्यात नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९७० मध्ये श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के विकासमदत द्यावी असे लक्ष्य ठेवले. मोजक्या देशांनी ते गाठले; दात्या देशांची सरासरी त्याच्या निम्म्याच्या आसपास रेंगाळत राहिली आहे.

मदत लागू पडते का

'पैसे दिले तर दारूत उडवतील' हा आक्षेप आता मोजून तपासता येतो. रोख रक्कम देणाऱ्या योजनांवरील अनेक देशांतील अभ्यासांचा जागतिक बँकेच्या संशोधकांनी आढावा घेतला, तेव्हा दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचे सर्वसाधारणपणे आढळले नाही. औषध तपासावे तशी गरिबीवरील एकेक योजना प्रत्यक्ष वापरून तपासण्याच्या पद्धतीसाठी अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सिंगरच्या विचारातून निघालेली परिणामकारक परोपकाराची चळवळ याच पुराव्यावर उभी आहे. २००९ मध्ये ऑक्सफर्डमध्ये सुरू झालेल्या एका संस्थेचे सभासद उत्पन्नाचा दहावा हिस्सा देण्याची प्रतिज्ञा करतात आणि तो दर रुपयामागे सर्वाधिक जीव वाचतील तिथे पाठवतात.

२०१५ चे नोबेल विजेते अँगस डीटन यांना हे पुरेसे वाटत नाही. सरकारला पैसा बाहेरून मिळू लागला की त्याला जनतेकडून कर घ्यावा लागत नाही, आणि कर घेत नाही त्या जनतेला जाब द्यायचीही गरज उरत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. यावर चळवळीचे उत्तर असे, की मलेरिया टाळण्यासाठी ती पैसे देते त्या मच्छरदाण्या सरकारच्या तिजोरीतून जात नाहीत. अलीकडे तिला घरातूनच नवे आव्हान मिळाले आहे. भविष्यात जन्मणाऱ्यांची संख्या आजच्यांपेक्षा कितीतरी मोठी असेल, तेव्हा पैसा मानवजातीवरील दूरच्या संकटांकडे वळवावा, असे तिच्यातलाच एक गट म्हणतो. अंतराने कर्तव्य घटत नाही या सिंगरच्या तत्त्वात मैलांच्या जागी शतके घातली की हा निष्कर्ष निघतो. आज उपाशी असलेला माणूस मात्र त्यात पुन्हा रांगेच्या शेवटी जातो.