माउस हलला म्हणजे माणूसच?

जाहिरातींवरचा बॉट, म्हणजे माणूस असल्याचं भासवून जाहिराती बघणारा प्रोग्राम, नुसता धडाधड क्लिक करतो, त्यामुळे लगेच पकडला जातो, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. रशियाच्या अलेक्सांद्र झुकोव्हच्या ‘मेथबॉट’ टोळीने २०१६ पर्यंत डॅलस आणि इतर ठिकाणच्या डेटा सेंटरांत सुमारे २००० सर्व्हर राबवले. त्यांवरचा बनावट माउस पानावर रेंगाळायचा, स्क्रोल करायचा, व्हिडिओ मध्येच थांबवायचा. वर फेसबुकवर लॉग-इन असल्याचं सोंगही! साडेसहा लाखांहून जास्त आयपी अॅड्रेस (इंटरनेटवरचे संगणकांचे पत्ते) घरगुती इंटरनेटचे भासवले. पानं नामांकित वृत्तपत्रांची म्हणून दाखवली, तीही खोटीच. माणसांनी जाहिराती पाहिल्या असं समजून जाहिरातदारांनी मोजलेले ७० लाख डॉलर मात्र अस्सल होते. झुकोव्हला २०२१ मध्ये अमेरिकेत १० वर्षांची शिक्षा झाली.