हळदीचे दूध आणि कर्करोगाचा प्रतिबंध : एक खुलासा

रोज हळदीचे दूध घेतल्यास कर्करोग होत नाही, असा संदेश मुंबईतील सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर वर्षानुवर्षे फिरत आहे. हळदीतील कुरकुमीन हे पिवळे रंगद्रव्य प्रयोगशाळेतील बशीत कर्कपेशींची वाढ रोखते, हे खरेच. परंतु हळदपुडीत ते वजनाने जेमतेम ३ टक्के असते, आतड्यातून फारच थोडे शोषले जाते आणि शोषलेल्याचेही शरीरात लगेच रूपांतर होते, त्यामुळे बशीतील मात्रा रक्तात सहसा गाठली जात नाही. प्रतिबंधाचा दावा माणसांवरील दीर्घ चाचण्यांतच ठरतो आणि तिथे अंदाज चक्क उलटतातही : फिनलंडमधील सुमारे २९,००० धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत (१९९४) बीटा-कॅरोटीनच्या (गाजरातील नारिंगी रंगद्रव्य; त्याने कर्करोग टळेल अशी अपेक्षा होती) गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक आढळला. स्वयंपाकातील हळदीविषयी तक्रार नाही. जास्त मात्रेच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नयेत.